सत्ता सोडल्यानंतर : बाळासाहेब खेर आणि ठाणे जिल्ह्यातील आदिवासी

मराठी इतिहासलेखनाला, आणि त्याहून अधिक मराठी नाटक-कादंबरीला, सत्तात्यागाचा क्षण फार प्रिय आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर (१७७३) रघुनाथरावांना दोषी ठरवून पुणे सोडणारे रामशास्त्री प्रभुणे आपल्याला शालेय पाठांतून आणि व्याख्यानांतून वारंवार भेटतात. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे चिंतामणराव देशमुखही याच मालिकेत स्मरले जातात. परंतु त्या क्षणानंतर काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. रामशास्त्री वाईजवळच्या पांडववाडीला गेले आणि पुढे बारभाईंच्या कारभारात पुन्हा न्यायासनावर आले. चिंतामणरावांनी विद्यापीठ अनुदान मंडळाचे आणि दिल्ली विद्यापीठाचे काम केले. हे तपशील ठाऊक असले तरी आपल्या कल्पनेत ते रुजत नाहीत. त्याग नाट्यमय असतो. त्यानंतरची वर्षे सभांची, पत्रव्यवहाराची आणि जमाखर्चाची असतात. आणि सत्ताधाऱ्याची खरी ओळख त्या कोरड्या वर्षांतच पटण्याची शक्यता अधिक.

या दृष्टीने बाळ गंगाधर खेर यांच्या चरित्रातील एक टप्पा विशेष अभ्यासण्याजोगा आहे. मुंबई प्रांताच्या सर्वोच्च राजकीय पदावरून १९३९ साली उतरल्यावर त्यांनी ठाणे जिल्ह्यातील आदिवासींच्या सेवेचे काम हाती घेतले, आणि १९४६ साली त्याच पदावर परतल्यावर त्याच जिल्ह्यातील आदिवासींच्या लढ्याला सरकार म्हणून तोंड दिले. सेवक आणि शासक या दोन्ही भूमिकांत एकाच माणसाला एकाच समाजासमोर उभे राहावे लागण्याचा असा प्रसंग आपल्या इतिहासात विरळा. शहापूर आणि मुरबाड हे तालुके या कथेत केंद्रस्थानी नाहीत, कडेला आहेत. मात्र त्या कडेवरून ती अधिक स्पष्ट दिसते, असे आम्हांला वाटते.

खेरांचा जन्म रत्नागिरीचा, १८८८ सालचा. विल्सन महाविद्यालयात शिक्षण, संस्कृतचा व्यासंग, नंतर कायद्याची पदवी आणि मुंबईत सॉलिसिटरचा व्यवसाय. १९३० आणि १९३२ च्या सत्याग्रहांत त्यांना तुरुंगवास घडला. १९३५ च्या कायद्यानुसार निवडणुका झाल्यावर काही महिने धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ होते. त्यानंतर जुलै १९३७ मध्ये खेर मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान झाले. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला त्या काळी हेच नाव होते. सव्वादोन वर्षांच्या या कारकिर्दीत कूळ कायदा, कर्जनिवारण, दारूबंदी असे विषय हाताळले गेले. व्हाइसरॉयने हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, तेव्हा नोव्हेंबर १९३९ मध्ये खेरांचे मंत्रिमंडळही गेले.

हा राजीनामा पक्षाच्या आदेशाने दिलेला होता. त्यात वैयक्तिक त्यागाचे नाट्य शोधण्याचे कारण नाही. महत्त्वाचे आहे ते पुढचे पाऊल. १९४० साली खेरांनी आदिवासी सेवा मंडळाची स्थापना केली आणि ठाणे जिल्हा हे त्याचे कार्यक्षेत्र ठरले. मुंबईत चांगला जम बसलेला व्यवसाय हाताशी असलेल्या माजी पंतप्रधानाने या जिल्ह्याकडेच का वळावे? त्याचे एक उत्तर त्यांच्याच कारकिर्दीतील सरकारी कागदांत सापडते.

१९३५ च्या कायद्याने आदिवासीबहुल प्रदेशांची एक वेगळी कोटी निर्माण केली होती. 'अंशतः वगळलेले प्रदेश' असे तिचे नाव. प्रांतिक विधिमंडळाचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. गव्हर्नरने तसे ठरवावे लागे. ठाणे जिल्ह्यातील डहाणू आणि शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे या यादीत होते. मुरबाड नव्हता. खेर मंत्रिमंडळाच्या काळात डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने प्रांतातील अशा प्रदेशांची पाहणी केली, आणि त्यांचा अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला. जमीनदार आणि जंगलाचे ठेकेदार आदिवासींकडून कशी वेठ घेतात, नकार देणाऱ्याला मारहाण कशी होते, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस वर्षानुवर्षे सावकाराच्या घरी 'लग्नगडी' म्हणून कसा राबतो, याची नोंद एका ब्रिटिश अधिकाऱ्याने सरकारी भाषेत करून ठेवली. अहवाल सादर झाला, छापला गेला, आणि त्यावर कृती करण्याआधीच मंत्रिमंडळ गेले.

म्हणजे खेरांनी सत्ता सोडली, पण एक अपुरा विषय त्यांनी मागे ठेवला नाही, असा याचा अर्थ लावता येतो. सत्तेवरून उतरलेली बहुतेक माणसे आपण काय केले ते सांगत फिरतात. आपल्या हातून काय राहिले त्याकडे वळणारी थोडी. आदिवासी सेवा मंडळाने शाळा आणि वसतिगृहे यांच्या मार्गाने काम सुरू केले. त्यामागे ठक्करबाप्पांनी १९२२ साली दाहोदला सुरू केलेल्या भिल्ल सेवा मंडळाचा आदर्श होता. आदिवासींचा प्रश्न त्या वेळी राष्ट्रीय चळवळीच्या कार्यक्रमातही नीटसा आलेला नव्हता. गांधीजींच्या 'रचनात्मक कार्यक्रम' या पुस्तिकेच्या १९४१ च्या पहिल्या आवृत्तीतील तेरा कलमांत आदिवासींचे स्वतंत्र कलम नव्हते. ते नंतरच्या सुधारित आवृत्तीत आले. त्या मानाने १९४० साल लवकरचे म्हणावे लागेल.

मात्र या सेवेची चौकट कोणती होती, हेही पाहिले पाहिजे. शिक्षण, आरोग्य, व्यसनमुक्ती, काटकसर हे तिचे विषय. शहरातून आलेला सुशिक्षित कार्यकर्ता देणारा, आणि आदिवासी घेणारा. जमीन कोणाची, जंगलातल्या कामाची मजुरी किती, हे प्रश्न या चौकटीत अप्रस्तुत नव्हते, पण ते सरकारने सोडवायचे होते. आदिवासींनी एकत्र येऊन विचारायचे नव्हते. आणि सरकार तर गव्हर्नरच्या हाती गेलेले. त्यात खेरांना १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात आणि पुन्हा १९४२ साली तुरुंगवास घडला. जे काम झाले ते अशा तुटक काळात झाले, ही गोष्ट त्याचे मोल करताना विसरता येत नाही.

खेर तुरुंगात असताना मुरबाडच्या डोंगरात दुसरेच काही घडत होते. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हेही वकील. त्यांनीही सेवेपासूनच सुरुवात केली होती : कर्जत भागातील शेतकरी आणि आदिवासी सावकाराच्या तावडीतून सुटावेत म्हणून धान्यकोठी काढली, शाळा चालवल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांचा आझाद दस्ता विजेचे मनोरे पाडत सह्याद्रीच्या कुशीत फिरत राहिला आणि २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. धान्यकोठीपासून सिद्धगडापर्यंतचा हा प्रवास जेमतेम दोन-तीन वर्षांचा. सेवा हा मार्ग कोठे संपतो आणि माणूस दुसऱ्या मार्गाला केव्हा लागतो, हे ठरवणारी परिस्थिती याच डोंगरांत होती.

तिसरा मार्ग तितवाळ्यातून, ज्याला आपण आज टिटवाळा म्हणतो तेथून, निघाला. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांना लागून असलेल्या कल्याण तालुक्यातील या गावी जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांनी त्यापूर्वी कल्याण-मुरबाड भागातील गावे पायी हिंडून शेतकऱ्यांना जागे करण्याचे काम केले होते. उंबरगावकडून आलेला माह्या धांगडा हा वारली या अधिवेशनात उभा राहिला, आपल्या भागातील वेठीविषयी बोलला. त्यानंतर परुळेकर तिकडे गेले आणि २३ मे १९४५ रोजी झरी येथील सभेत वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण मारले गेले. तेव्हा प्रांतात गव्हर्नरची राजवट होती.

येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. खेर, कोतवाल आणि गोदावरी परुळेकर हे तिघेही कायदा शिकलेले. तिघांनीही आपापल्या कामाचा आरंभ सेवेतून केला. गोदावरीबाई तर भारत सेवक समाजाच्या आजीव सदस्य होत्या. तिघांना दिसलेले दुःखही बरेचसे एकच. फरक पडला तो एका प्रश्नावर : आदिवासींच्या वतीने कोणी बोलायचे? खेरांच्या मते बोलण्याची जबाबदारी जाणत्या सेवकाची होती. झरीच्या सभेनंतर वारली स्वतः बोलू लागला.

मार्च १९४६ मध्ये खेर पुन्हा प्रांताचे पंतप्रधान झाले, मोरारजी देसाई गृहमंत्री. त्या पावसाळ्यानंतर जंगलकामाच्या आणि गवतकापणीच्या मजुरीसाठी वारल्यांचा संप सुरू झाला. ज्या माणसाने सहा वर्षांपूर्वी या जिल्ह्यातील आदिवासींसाठी संस्था काढली, त्याच्याच सरकारने परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले आणि लढा पोलिसांच्या बळावर मोडण्याचा प्रयत्न केला. लाल बावट्याच्या इतिहासात खेर येतात ते या भूमिकेत. काँग्रेसच्या आणि सर्वोदयाच्या परंपरेत ते सज्जन, अभ्यासू, साधे नेते म्हणून येतात. दोन्ही चित्रे खरी आहेत. एक खरे ठरवण्यासाठी दुसरे खोडून काढण्याची घाई आपल्याकडे नेहमी होते.

या विसंगतीला केवळ दांभिकता म्हणणे सोपे आहे, पण त्याने फारसे कळत नाही. आमच्या मते तिचे मूळ सेवेच्या कल्पनेतच आहे. ज्याची सेवा केली, तो आपल्याला विचारल्याविना, आपल्या विरोधकांच्या झेंड्याखाली मागणी घेऊन उभा राहील, ही शक्यता त्या कल्पनेत धरलेलीच नसते. कृतज्ञतेची अपेक्षा सेवकाच्या मनात नसेलही. पण सेव्याने शांत राहावे ही अपेक्षा असते. सत्तेबाहेर असताना ती अपेक्षा निरुपद्रवी असते. सत्तेत आल्यावर तिच्या हाती पोलीस येतात.

तरीही कथा येथे संपत नाही. १९४७ साली खेर सरकारच्या पुढाकाराने मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्थांची योजना सुरू झाली. जंगलातील कूप लिलावाने ठेकेदाराला देण्याऐवजी आदिवासी मजुरांच्या सहकारी संस्थेला द्यायचा, तोडणीची मजुरी रास्त दराने मिळावी आणि फायदाही संस्थेकडे यावा, असे तिचे स्वरूप. आदिवासी सेवा मंडळासारख्या संस्थांनी या सोसायट्यांचे पालकत्व घ्यायचे होते. हिशेब, लिलाव, वनखात्याशी पत्रव्यवहार हे सारे शिकवायचे होते. ठाणे जिल्ह्यात या सोसायट्या रुजल्या. शहापूर आणि मुरबाड या सागाच्या तालुक्यांत 'जंगल कामगार सोसायटी' हा शब्द घराघरांत पोचला, आणि ठेकेदाराची एकहाती सत्ता ढिली होण्यात त्यांचा वाटा होता.

ही योजना कोणाची? सिमिंग्टनच्या अहवालाची, सेवा मंडळाच्या अनुभवाची, की वारल्यांच्या संपाची? वर्षे पाहिली तर तिघांचीही. अहवाल १९३९ चा, मंडळ १९४० चे, संप १९४६ चा, योजना १९४७ ची. सत्तेबाहेरच्या वर्षांत खेरांना ठेकेदारीची यंत्रणा जवळून दिसली नसती तर उपायाला सहकाराचे रूप आले असते की नाही, शंका आहे; आणि रानातून संपाची हाक आली नसती तर त्या उपायाला घाई झाली असती की नाही, हीही शंकाच. सद्‌भावना आणि दबाव यांची ही भागीदारी दोन्ही पक्षांना मान्य होणारी नाही, म्हणूनच ती मुद्दाम मांडली पाहिजे.

एप्रिल १९५२ मध्ये खेर दुसऱ्यांदा सत्तेवरून उतरले. या वेळची वाट वेगळी होती. १९५२ ते १९५४ ते लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते. १९५५ साली ते राजभाषा आयोगाचे अध्यक्ष झाले, १९५६ साली गांधी स्मारक निधीचे अध्यक्ष, आणि ८ मार्च १९५७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. १९५६ चा राजभाषा आयोगाचा अहवाल आपल्या विषयाच्या विद्यार्थ्यांनी वाचावा असा आहे. सुनीतिकुमार चतर्जी आणि पी. सुब्बरायन यांनी त्याला भिन्नमतपत्रिका जोडली, आणि हिंदी व इंग्रजी यांविषयीचा पुढचा वाद बराचसा त्या दोन बाजूंनीच चालला. पण शहापूर-मुरबाडकडून पाहिले की आणखी एक गोष्ट जाणवते. देशाची राजभाषा कोणती असावी याची चर्चा चालू असताना, याच भागातील कातकरी आणि ठाकूर मुले शाळेत प्रमाण मराठीतील पुस्तक हाती घेत होती, जी त्यांच्या घरची भाषा नव्हती. वसतिगृह काढणाऱ्यालाही हा प्रश्न त्या काळी भाषेचा प्रश्न म्हणून दिसला नाही. त्याला 'मागासलेपण' हे नाव होते. ठाणे जिल्ह्यातच बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या प्रयोगाने, पुढे कोसबाडला गेल्यावर, मुलाच्या अंगणात जाऊन त्याच्या भोवतालातील वस्तूंनी शिकवण्याचा मार्ग दाखवला. तो या सेवापरंपरेतून निघालेला सर्वांत सर्जनशील धागा म्हणता येईल.

मागे उरले काय? १९३६ च्या आदेशाने काढलेली रेषा अजूनही पुसलेली नाही. आजही शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडची काही गावेच तीत आहेत. शहापूरचा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव, मुरबाडचा खुला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि खेरांच्या मंडळाचा व परुळेकरांच्या लढ्याचा बराचसा प्रदेश तिकडे गेला. हे दोन तालुके ठाण्यातच राहिले. १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यांनंतर वृक्षतोडीवर बंधने आली तसे जंगल कामगार सोसायट्यांचे कामही आटले. वेठबिगारीविरुद्ध १९७६ साली केंद्राचा कायदा झाला. तो कागदावरून रानात आणण्यासाठी पुढे ठाणे जिल्ह्यात पुन्हा संघटना बांधाव्या लागल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने जी भाषा स्वीकारली ती हक्काची आहे, सेवेची नाही. तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे पाणी मुंबईला देणाऱ्या शहापूर तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट दोन्ही भाषांना अजून सोडवता आलेली नाही.

वाङ्मयाच्या अंगाने पाहता या दोन मार्गांच्या वाट्याला आलेले लेखनप्रकारही वेगळे आहेत. लढ्याला गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) लाभले, त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि ते आपल्या अभ्यासक्रमांत पोचले. सेवेच्या वाट्याला वार्षिक अहवाल, देणगीदारांच्या याद्या आणि गौरवग्रंथ आले. आपण स्वाभाविकच पहिले वाचतो. त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात खेर हे केवळ हद्दपारीचा हुकूम काढणाऱ्या सरकारचे नाव म्हणून राहतात, तर गौरवग्रंथ वाचणाऱ्याला ती हद्दपारी कळतच नाही. हे दोन्ही प्रकारचे लेखन आणि त्यांच्या जोडीला सिमिंग्टनचा अहवाल एकत्र वाचण्याचा परिपाठ आपल्या वर्गांत पडला, तर इतिहास आणि साहित्य यांच्या सीमेवरचा एक चांगला धडा विद्यार्थ्यांच्या हाती येईल.

सत्ता सोडलेल्या माणसाचे मोल करताना आपण बहुधा त्याचा साधेपणा मोजतो : तो एस्टीने फिरला का, त्याने घर बांधले का. खेरांचे उदाहरण दुसरे दोन प्रश्न सुचवते. खुर्चीवरून उठताना त्याने कोणता अपुरा विषय बरोबर नेला? आणि ज्यांच्यासाठी त्याने काम केले, ते त्याच्याविरुद्ध उभे राहिले तेव्हा त्याने काय केले? पहिल्या प्रश्नाला बाळासाहेब खेरांचे उत्तर फार थोड्यांना देता येईल इतके चांगले होते. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात १९४६ ची हद्दपारी आहे आणि १९४७ च्या सोसायट्याही आहेत. ही दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवल्याविना त्यांच्या सत्तेबाहेरच्या वर्षांचा हिशेब पुरा होत नाही.